‘सांगायचं कधी?’ : दत्तक मुलांच्या आईबाबांसाठी, अनुभवातून

वर्षातून दोन-तीनदा तरी मला असा फोन येतो. ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळालेला असतो. आधी इकडचं तिकडचं, पाऊस, शाळा, ट्रॅफिक. मग आवाज खाली येतो. ‘ताई, आमची मुलगी आता नऊ वर्षांची झाली. तिला अजून सांगितलेलं नाहीये. कसं सांगू?’ एका बाबांनी तर महाबळेश्वरचं हॉटेल बुक केलं होतं. मुलाला घोड्यावर बसवायचं, स्ट्रॉबेरी क्रीम खायला घालायचं आणि संध्याकाळी सूर्यास्त बघता बघता सांगून टाकायचं, असा बेत होता. मी म्हटलं, घोडा आणि स्ट्रॉबेरी राहू द्या, बाकीचं रद्द करा. त्या पोराला जन्मभर सूर्यास्त सहन होणार नाही.

आमच्याकडे दोन मुलं दत्तक आली. लेक २००९ साली, सात महिन्यांची. मुलगा २०१८ साली, सहा वर्षांचा. मी समुपदेशक नाही आणि वकीलही नाही. बँकेत नोकरी करते. त्यामुळे मला सुचलेली उपमा लॉकरची आहे. मुलाच्या जन्माची गोष्ट ही मुलाची ठेव. किल्ली काही वर्षं आपल्याकडे असते इतकंच. लॉकरमधलं काही काढायचं नाही, त्यात नसलेलं काही घालायचं नाही आणि खातेदार मागायला आला की टाळायचं नाही. यातली दुसरी अट मी स्वतः मोडली. ते पुढे येईल.

१. मूल येण्याआधी घरातल्या मोठ्यांचं खरं बोलून घ्या

प्रक्रियेबद्दल थोडक्यात सांगते. नोंदणी ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते. मग सामाजिक कार्यकर्त्या घरी येऊन गृह अध्ययन अहवाल करतात, ज्याला सगळे ‘होम स्टडी’ म्हणतात. तो तीन वर्षं ग्राह्य धरला जातो. लहान बाळ हवं असेल तर हल्ली वाट बघण्यातच तीन-चार वर्षं सहज जातात. लोक या काळात पाळणा निवडतात, भिंतींचा रंग ठरवतात. माझं म्हणणं, त्याआधी नवरा-बायकोने एकमेकांशी बोलावं.

बहुतेक जोडपी दत्तकाकडे येतात ती उपचार फसल्यावर. आमचेही दोन वर्षं इंजेक्शनं आणि तारखांचे हिशोब चालले होते. ‘बाळ आलं की हे सगळं विसरू’ असं वाटतं, पण ते दुःख कुठेतरी राहतं आणि नको तेव्हा डोकं वर काढतं. शेजारणीचं डोहाळजेवण, नणंदेचं बाळंतपण, ‘अगदी बाबांवर गेलाय हो’ हे वाक्य. त्या दुःखावर इलाज म्हणून मूल आणलं, तर त्याच्यावर पहिल्या दिवसापासून नोकरी लागल्यासारखं ओझं येतं. आधी रडून घ्या. दोघांनी, एकत्र.

मग आजी-आजोबा. आमच्या सासूबाई ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून गप्प बसल्या होत्या. मला वाटलं, चला, विरोध नाही. होम स्टडीला आलेल्या बाईंनी मात्र त्यांना मुद्दाम बोलावून समोर बसवलं आणि सरळ विचारलं, ‘आजी, तुम्हाला कशाची भीती वाटते?’ तेव्हा निघालं. कुणाचं असेल, कुठल्या जातीचं असेल, रक्तात काय असेल, म्हातारपणी सांभाळेल का. ऐकून मला संताप आला होता. आता वाटतं, त्या दिवशी ते टेबलावर आलं म्हणूनच पुढे नातीच्या कानावर पडलं नाही.

या टप्प्यावर दोन खड्डे आहेत.

पहिला, ‘दवाखान्यातून परस्पर बाळ’. कुणीतरी ओळखीचं सांगतं, अमुक ठिकाणी एक मुलगी अडलीय, थेट देतील, जन्मदाखल्यावर तुमचंच नाव लावून देतील. जाऊ नका. अनाथ, टाकलेलं किंवा सोडून दिलेलं मूल कायदा डावलून घेणं-देणं हा बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ८० खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. शिक्षा एक वेळ बाजूला ठेवा. जन्मदाखलाच खोटा असेल तर मूल मोठं झाल्यावर त्याला काय दाखवणार?

दुसरा, लपवण्याची तयारी. काही महिने दुसऱ्या गावी राहून ‘बाळंत होऊन’ परत आलेल्या, पोटाला कापड बांधून हळदीकुंकवाला गेलेल्या बायका मी ऐकून आहे. त्यांना हसू नका, त्यांच्यावर केवढं दडपण असेल. पण तसं करूही नका. अख्ख्या नातेवाइकांत एकाला जरी खरं माहीत असेल तरी ते कधीतरी मुलापर्यंत पोचतं, आणि ते पोचवणारा माणूस बहुधा भांडणाच्या तोंडावर असतो.

२. कागदांची एक फाइल करा आणि ती फेकू नका

मूल घरी आलं की पहिले काही महिने दूध, लस आणि झोप यातच जातात. कागद कपाटात कुठेतरी कोंबले जातात. पंधरा वर्षांनी मुलाकडे स्वतःच्या सुरुवातीचं म्हणून तेवढंच असतं. फाइलमध्ये हे असू द्या:

- बाल अध्ययन अहवाल. ‘चाइल्ड स्टडी रिपोर्ट’ म्हणून मिळतो. मूल संस्थेत कसं आलं, कधी आलं, हे यात असतं.
- वैद्यकीय तपासणी अहवाल आणि संस्थेतलं लसीकरण कार्ड.
- मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्याचा बाल कल्याण समितीचा आदेश.
- दत्तकपूर्व संगोपनासाठी, म्हणजे आदेश येण्याआधी मूल तुमच्या घरी राहतं त्या काळासाठी, तुम्ही सही करून दिलेलं प्रतिज्ञापत्र.
- दत्तक आदेशाची प्रमाणित प्रत. आमच्या लेकीच्या वेळी आदेश न्यायालयाने दिला. २०२२ मध्ये कायदा बदलला आणि ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलं गेलं. तुमचा आदेश कुणाचाही असो, प्रमाणित प्रती दोन-तीन काढून ठेवा, नंतर मिळवताना चपला झिजतात.
- त्या आदेशावरून निघालेला जन्मदाखला.
- संस्थेत अंगावर असलेलं झबलं, दुपटं, पायातलं काही. धुऊ नका म्हणणार नाही, पण देऊन टाकू नका.
- संस्थेतल्या मावशींचा, खोलीचा, पाळण्याचा फोटो. काढू देत नसतील तर निदान त्या दिवशी काय पाहिलं ते घरी येऊन लिहून ठेवा. भिंतीचा रंगसुद्धा.

मूल टाकून दिलेलं सापडलं असेल तर आईवडिलांच्या शोधासाठी वर्तमानपत्रात फोटोसह सूचना छापलेली असते. संस्थेला विचारून ते कात्रण किंवा त्याची प्रत मिळते का बघा. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाचा पहिल्या महिन्यातला फोटो म्हणून तेवढंच आहे. टिकल्यांच्या पाकिटाएवढं, शाई पसरलेलं, आणि शेजारी कसल्याशा टेंडरची जाहिरात. तो मुलगा ते पाकिटात घालून फिरतो.

मूल आईने स्वतः संस्थेकडे सोपवलं असेल, म्हणजे समर्पण केलेलं असेल, तर तिचं नाव-पत्ता तुम्हाला दिला जात नाही. तो मिळवायचा प्रयत्नही करू नका. मात्र ओळख न देता जे सांगता येतं ते बाळ ताब्यात घेतानाच विचारून घ्या. त्या क्षणी आपलं लक्ष फक्त बाळाकडे असतं. म्हणून सोबत एक शांत डोक्याचा माणूस न्या आणि त्याच्या हातात वही द्या. आमच्या वेळी माझा भाऊ होता. त्याने लिहिलेली दोन पानं मी स्वतः ऐकल्याचं मला आजही आठवत नाही.

३. शब्द आधी येऊ द्या, अर्थ मागून येईल

सांगण्याचा असा एक दिवस नसतोच. मूल पाळण्यात असल्यापासून ‘दत्तक’ हा शब्द घरात ‘आजी’, ‘भाकरी’, ‘आंघोळ’ यांच्यासारखा कानावर पडला पाहिजे. सात महिन्यांच्या बाळाला काही कळत नाही, आणि तोच फायदा आहे. आपली जीभ सरावते. मला पहिल्या दिवशी तेल लावताना ‘तू आमची दत्तक घेतलेली सोनी’ म्हणताना घसा कोरडा पडला होता. महिन्याभरात ते गाणं झालं. बाळाला कळायला लागेपर्यंत आवाजात काही कंप उरला नव्हता. मुलं आधी आवाज ऐकतात, शब्द नंतर.

तीन वर्षांच्या आसपास गोष्ट सुरू करा. एक साधी वही घ्या, फोटो चिकटवा. ‘आईबाबा एकटे होते. तू एका बाईच्या पोटात वाढलीस. तिला बाळ सांभाळता येणार नव्हतं. तू मावशींच्या मोठ्या घरात राहिलीस. मग आम्ही रिक्षातून आलो.’ आमच्या लेकीला यातली रिक्षाच सगळ्यात आवडायची. ‘रिक्षावाल्या काकांनी किती पैसे घेतले?’ हे रोज विचारायची. पहिल्या काही वर्षांत प्रश्न असेच येतात. घाबरून त्यांच्यामागे खोल अर्थ शोधत बसू नका. रिक्षाचे पैसे सांगा.

आता शब्दांबद्दल. आपण चांगल्या मनाने बोलतो आणि मुलाच्या डोक्यात भलतंच जातं, अशी तीन वाक्यं आहेत.

*‘आम्ही तुला निवडलं.’* एक तर हे खरं नाही. काराच्या पद्धतीत एका मुलाची माहिती समोर येते आणि ते मूल आपल्यासाठी राखून ठेवायला ४८ तास असतात. दुकानात रांगेने बाळं ठेवलेली नसतात. आणि निवडलेली वस्तू परत करता येते, हे मुलांना ऑनलाइन खरेदीवरून चांगलं माहीत असतं. त्यापेक्षा ‘आमच्याकडे तू आलीस’ पुरतं.

*‘तिचं तुझ्यावर खूप प्रेम होतं, म्हणून तिने तुला दिलं.’* हे पुस्तकातून उचललेलं वाक्य मीही वापरलं. पाच वर्षांच्या पोरीने त्याचा सरळ हिशोब मांडला. ‘तुझं पण माझ्यावर खूप प्रेम आहे ना? मग तू कधी देणार?’ प्रेम आणि देणं यांची गाठ मारूच नका. सांभाळता आलं नाही हे एक वाक्य, आणि त्यात बाळाची काही चूक नव्हती हे दुसरं. दुसरं जास्त वेळा म्हणा.

*‘देवकीने जन्म दिला, यशोदेने वाढवलं.’* आपल्याकडे प्रत्येक आत्या आणि प्रत्येक कीर्तनकार हा दाखला देतो. गोड आहे, पण अर्धवट. गोष्ट पुढे ऐकलीत तर कृष्ण अक्रूराच्या रथात बसून मथुरेला जातो आणि यशोदा गोकुळात राहते. आमच्या लेकीने टीव्हीवर तो भाग पाहिला आणि दोन रात्री माझा पदर धरून झोपली. तेव्हापासून हा दाखला आमच्या घरात बंद आहे. द्यायचाच असेल तर आधी रथाचं काय ते ठरवून ठेवा.

जन्मदातीला काय म्हणायचं? ‘पोटातली आई’, ‘जन्म देणारी आई’, जे तोंडात सहज बसेल ते. फक्त ‘बाई’ म्हणताना आवाज थंड होऊ देऊ नका. मुलं स्वतःचा अर्धा भाग तिच्यात बघतात.

४. माहीत नाही तिथे ‘माहीत नाही’ म्हणा

हा भाग लिहायला लेकीने परवानगी दिली आहे, वाचून, एक वाक्य खोडायला लावून.

ती साधारण पाच वर्षांची असताना एका दुपारी भांडी घासत असलेल्या माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘तिने मला का नाही ठेवलं?’ याचं उत्तर मी शंभरदा पाठ केलं होतं. ऐन वेळी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून गेलं, ‘ती खूप आजारी होती गं.’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मला फक्त त्या प्रश्नाला मऊ काहीतरी द्यायचं होतं.

मग तो आजार आमच्या घरात राहायला आला. गणपतीत लेक एक मोदक जास्त मागायची, ‘तिला बरं वाटू दे’ म्हणून. मला ताप आला की पांढरी पडायची. आजारी आई मूल देऊन टाकते, हे समीकरण मीच तिच्या हातात दिलं होतं. सोडवायचं धैर्य झालं नाही. अजून थोडी मोठी होऊ दे, मग सांगू.

अकराव्या वर्षी तिने फाइल वाचायला मागितली. आम्ही दिली, शेजारी बसलो. तिने प्रत्येक पान बोट ठेवून वाचलं. त्यात काय होतं ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही. आजार मात्र नव्हता. शेवटचं पान उलटून तिने विचारलं, ‘आजारी कुठे लिहिलंय?’ मी सांगितलं, मी ते बनवलं होतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बाकीचं काय काय बनवलंयस? माझा वाढदिवस तरी खरा आहे का?’

वर्षभर ती माझं प्रत्येक वाक्य तपासायची. साधं ‘डब्यात भेंडी आहे’ म्हटलं तरी झाकण उघडून बघायची. हे मी गमतीने सांगत नाही.

म्हणून नियम असा करा. प्रत्येक माहितीच्या तीन जागा ठेवा: कागदावर लिहिलेलं, आपल्याला वाटतं असं, आणि माहीत नाही. बोलताना कुठली जागा ते सांगून बोला. ‘कागदात लिहिलंय की...’, ‘मला वाटतं की...’, ‘हे मला माहीत नाही, आणि माहीत नसल्याचं मलाही वाईट वाटतं.’ तिसरं वाक्य म्हणून गप्प बसणं सगळ्यात अवघड. लगेच आइसक्रीम काढू नका.

कठीण गोष्ट असेल तर? मूल कचराकुंडीजवळ सापडलं, हिंसेतून झालं, आईने नाव ठेवायला नकार दिला. खोटं सांगायचं नाही म्हणजे चौथ्या वर्षी सगळं सांगायचं असं नाही. चौथ्या वर्षी ‘तू एका जागी एकटा होतास, लोकांनी पाहिलं, उचललं आणि नीट ठेवलं’ हेही खरंच आहे. दहाव्या वर्षी ती जागा कोणती ते. पुढचं अजून पुढे, आणि तेव्हा समुपदेशक सोबत घ्या. कसोटी एकच आहे. आज सांगितलेलं वाक्य उद्या मागे घ्यावं लागता कामा नये, त्यात फक्त भर पडली पाहिजे.

ज्यांनी आठव्या-दहाव्या वर्षापर्यंत काहीच सांगितलं नाही, त्यांनी मुहूर्त शोधू नये. या आठवड्यात, घरीच, शनिवारी सकाळी, म्हणजे रविवार हाताशी राहतो. आधी माफी मागा, मग सांगा. ‘एक गोष्ट तुला आधीच सांगायला हवी होती. आम्ही घाबरलो. चूक आमची.’ कारण मूल चिडतं ते दत्तक असण्यावर नव्हे, इतकी वर्षं सगळ्यांना माहीत होतं आणि आपल्याला नव्हतं, यावर.

५. मोठं मूल येत असेल तर तुम्हीच पाहुणे आहात असं समजा

मुलगा आला तेव्हा त्याला सहा वर्षांचं आयुष्य होतं. मित्र होते, झोपायची ठरलेली जागा होती, एक लाडकी मावशी होती. आम्ही त्याला ‘नवीन आयुष्य’ द्यायला निघालो होतो, आणि तो जुनं सोडून आला होता.

नाव बदलू नका. आडनाव लागतंच, तेवढं पुरे. बारशाची हौस असेल तर लाडाचं नाव वेगळं ठेवा. बोली पुसू नका. तो ‘मले भूक लागली’ म्हणायचा आणि आमच्याकडची मंडळी हसायची. कौतुकानेच, पण चार दिवसांत त्याने जेवायला मागणंच बंद केलं. मग मी आणि लेक दोघी आठवडाभर ‘मले, तुले’ बोललो, आमचं वऱ्हाडी ऐकून तो खदाखदा हसला आणि गाडी पुढे सरकली.

पहिले दोन-तीन आठवडे मूल अतिशय शहाणं वागतं. ताट स्वतः उचलतं, विचारल्याशिवाय बोलत नाही. सगळे म्हणतात, किती गुणी! ते पाहुण्याचं वागणं असतं. घर आपलं वाटायला लागलं की वादळ येतं. आमच्याकडे दीड महिन्याने आलं. ताटं फेकली, ‘तू माही आई नाय’ ओरडून झालं, दार लावून घेतलं. मी बाहेर जमिनीवर बसून ‘बरं. मी इथेच बसलेय’ एवढंच म्हणत राहिले. त्यापेक्षा शहाणं काही मला सुचलंही नाही.

एकदा चादर बदलताना उशीखाली पोळी सापडली. चार घड्या घातलेली, कडक झालेली. दप्तरात बिस्किटांचे तुकडे. अशा वेळी ‘चोरून का ठेवतोस, मागितलं तर देत नाही का?’ हे अगदी जिभेवर येतं. गिळा. आम्ही त्याच्या पलंगाशेजारी झाकणाचा डबा ठेवला. त्यात काय ठेवायचं ते तो ठरवणार, संपला की तो सांगणार, आम्ही भरणार. चार-पाच महिने तो रात्री झाकण उघडून मोजायचा. मग विसरला. डब्यात आता क्रिकेटचे बॉल असतात.

मूल आल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेकडून पाहणी होते. लोक त्या दिवशी घर सजवतात आणि मुलाला पढवून ठेवतात, कारण अडचणी सांगितल्या तर मूल काढून घेतील अशी भीती असते. त्या बाईंसमोर खरं बोला. पोळीचा डबा आम्हाला त्यांनीच सुचवला होता.

६. बाहेरच्यांना द्यायची उत्तरं आधीच पाठ करा

‘खरी आई कोण?’, ‘किती पुण्याचं काम केलंत!’, ‘नशीब काढलं हो पोराने.’ ही वाक्यं लिफ्टमध्ये, लग्नात, केळवणात, मुलासमोर येतात. वाद घालायचा नाही, पण मुलाने आपलं उत्तर ऐकलं पाहिजे. आमची ठरलेली उत्तरं: ‘खरी मीच, चिमटा काढून बघा.’ ‘पुण्य कसलं, आम्हाला मूल हवं होतं.’ आणि जास्त खोलात गेलं तर, ‘ते तिचं आहे, ती मोठी झाली की तिला वाटलं तर सांगेल.’

शाळेत जूनमध्येच वर्गशिक्षिकांना भेटा. परिसर अभ्यासात वंशवृक्ष काढायला सांगतात, कधी ‘जन्माच्या वेळचा फोटो आणा’ असतं. लेकीने दुसरीत झाडाला दोन मुळं काढली. एका मुळाखाली आमची नावं आणि दुसऱ्याखाली प्रश्नचिन्ह. बाईंनी शेरा मारला, ‘झाड पूर्ण करा.’ मी रात्रभर धुमसत होते. लेक म्हणाली, ‘पूर्णच आहे.’ पण आधी जाऊन बोलले असते तर तो शेरा आलाच नसता. दवाखान्यात ‘घरात कुणाला मधुमेह?’ विचारलं की आपल्या घरची यादी वाचून दाखवू नका. ‘मूल दत्तक आहे, माहिती नाही’ हे डॉक्टरांना कळणं औषधाच्या दृष्टीने गरजेचं आहे. मूल मोठं असेल तर त्यालाच बोलू द्या.

सोशल मीडियावर ‘आजच्या दिवशी आमची परी घरी आली’ इतकं ठीक. ती कुठे, कशी सापडली हे कुणालाही सांगायचं नाही. आत्यालाही नाही. मुलाच्या आधी गावाला कळलं तर ती ठेव आपण वाटून टाकली.

आणि रक्ताचं खूळ आपल्याकडे किती जुनं आहे ते आठवावं. जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांनी १८७४ मध्ये काशीबाई या विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. त्याची जन्मकथा त्यांनी लपवली नव्हती. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाने टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेत पुढे धरायचं मडकं, धरायला भाऊबंदांतून हरकत आली, आणि सावित्रीबाई स्वतः टिटवं घेऊन पुढे चालल्या. पुढे यशवंत डॉक्टर झाले. केळवणात कुणी ‘शेवटी रक्त ते रक्त’ म्हटलं की मला ते टिटवं दिसतं आणि मी शांतपणे श्रीखंड वाढून घेते.

कायद्याने दत्तक आदेशानंतर मूल सर्व बाबतींत तुमचंच असतं, वारसाहक्कासकट. तरी मृत्युपत्र करून ठेवा. भाऊबंद अजून आहेतच.

७. चौदा-पंधराव्या वर्षी प्रश्न परत येतात, तेव्हा दुखावून घेऊ नका

मधली काही वर्षं शांततेत जातात आणि आपल्याला वाटतं, झालं. मग आरशासमोर उभं राहून ‘माझं नाक कुणाचं?’ सुरू होतं. वाढदिवसाच्या आदल्या रात्री लेक विनाकारण भांडायची. तीन वर्षं लागोपाठ झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी कुणीतरी दुसरंही तिची आठवण काढत असेल का, हा विचार तिला छळत होता. आता त्या रात्री आम्ही केक कापत नाही, गच्चीवर जाऊन बसतो. बोललीच तर बोलते.

‘मला तिला शोधायचंय’ हे वाक्य ऐकलं की पोटात खड्डा पडतो. आपलं काही कमी पडलं असं वाटतं. तो खड्डा नवऱ्याकडे किंवा मैत्रिणीकडे न्या, मुलाकडे नको. ‘मग आम्ही कोण?’ असं एकदा म्हटलंत की मूल पुढचा शोध तुमच्या पाठीमागे करतं.

मूळशोधाचा रस्ता कायद्याने दिलेला आहे:

- मूल १८ वर्षांचं झालं की स्वतः काराकडे अर्ज करू शकतं. त्याआधी आईवडिलांसोबत संयुक्त अर्ज करावा लागतो.
- अर्ज फक्त मुलाचा चालतो. मध्यस्थ, डिटेक्टिव्ह, ‘मी शोधून देतो’ म्हणणारा कुणीही तिसरा माणूस चालत नाही. असे लोक पैसे मागतात. देऊ नका.
- जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती विचारली जाते. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडले नाहीत, तर मूल का सोपवलं ती कारणं आणि परिस्थिती सांगितली जाते, ओळख नाही.
- टाकलेलं किंवा अनाथ मूल असेल तर ते संस्थेत कुठून, कसं आलं आणि दत्तक प्रक्रिया कशी झाली, ही माहिती मिळू शकते.

निघण्याआधी ‘काहीच मिळालं नाही तर?’ आणि ‘सगळं मिळालं तर?’ या दोन्हींवर मुलाशी बोला. दुसरा प्रश्न जास्त जड असतो. संस्थेला भेट द्यायची असेल तर आधी फोन करून वेळ घ्या. मावशी बदललेल्या असतात, रजिस्टर दुसऱ्या खोलीत असतं. आम्ही गेलो तेव्हा तिला सांभाळणाऱ्या मावशी निवृत्त झाल्या होत्या. पण पाळण्यांची खोली तीच होती आणि भिंत अजून पोपटी होती. माझ्या भावाच्या वहीत लिहिलं होतं तशीच. लेकीने भिंतीचा फोटो काढला, स्वतःचा नाही.

अर्ज करायचा की नाही, हे तिने अजून ठरवलेलं नाही. आम्ही विचारत नाही. फाइल मात्र माझ्या कपाटातून तिच्या कपाटात गेली आहे. परवा विम्याच्या कामासाठी मला दत्तक आदेशाची प्रत हवी होती, तर म्हणाली, ‘झेरॉक्स देते. मूळ प्रत नेऊ नकोस, तू हरवशील.’